मैदानावरचे गुण आणि दप्तरातले गुण



खेळाचा निकाल मैदानावर लागतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. शेवटची शिट्टी वाजली, फलकावरील आकडे स्थिर झाले, की जिंकणारा जिंकला आणि हरणारा हरला. परंतु युरोपातील रग्बीच्या २०१८ सालच्या एका हंगामात मार्च महिन्यात मैदानावर लागलेला निकाल मे महिन्यात एका समितीच्या टेबलावर पार बदलून गेला. तीन देशांच्या खात्यांतून एकाच दिवशी शंभर गुण वजा झाले. तिसऱ्या कुणाच्या तरी भांडणात नसलेला संघ विश्वचषकाला गेला आणि त्या वर्षी एकही सामना न जिंकलेला संघ पुढील फेरीस पात्र ठरला. हिशेबवहीशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, अशा आपल्या वाचकांना ही हकीकत उद्बोधक वाटेल, या विश्वासाने ती येथे सविस्तर मांडीत आहे.

रग्बी हा खेळ आपल्याकडील घरांत फारसा परिचित नाही. तरी त्याच्या इतिहासात भारतातील चांदीच्या रुपयांना एक मानाचे स्थान आहे. कोलकात्यातील इंग्रजांचा रग्बी खेळणारा एक क्लब १८७८ च्या सुमारास मोडीत निघाला. तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपात काढून घेतली, ते रुपये वितळवून एक सुबक चषक घडवून घेतला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. या चषकाच्या मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ आजही दरवर्षी त्या ‘कलकत्ता चषका’साठी एकमेकांशी झुंजतात.

हे दोन्ही संघ रग्बीतील सधन घराण्यांपैकी होत. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, फ्रान्स आणि इटली या सहा राष्ट्रांची स्पर्धा ही वरची पायरी. तेथून कोणी खाली उतरत नाही आणि खालचा कोणी वर चढत नाही. त्याखालच्या पायरीवर युरोपातील उर्वरित राष्ट्रांची स्पर्धा होते. आपल्या कथेच्या काळी तीत सहा संघ होते: जॉर्जिया, रोमेनिया, रशिया, स्पेन, बेल्जियम आणि जर्मनी. येथे प्रेक्षक कमी, दूरचित्रवाणीचा पैसा कमी, आणि अनेक खेळाडू आठवडाभर नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे. अशा संघांना चार वर्षांतून एकदा येणारा विश्वचषक हाच जगापुढे उभे राहण्याचा एकमेव प्रसंग. त्यातून मानाबरोबरच पुरस्कर्ते येतात, सरकारी साहाय्य येते आणि नवी मुले खेळाकडे वळतात.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू आणि ऐंशी मिनिटांचा खेळ. चेंडू हातात घेऊन धावायचे, परंतु हाताने तो पुढे फेकायचा नाही; बाजूला किंवा मागेच द्यायचा. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की पाच गुण, आणि त्यानंतर तो लाथेने उंच खांबांमधून धाडला तर आणखी दोन. प्रतिपक्षाने नियम मोडल्यास दंडाची लाथ मिळते. ती यशस्वी झाली तर तीन गुण. एकमेकांत गुंतलेल्या पंधरा-वीस देहांच्या ढिगाऱ्यात नियम कोणी मोडला, हे ठरविणे सर्वस्वी पंचाच्या हाती असते. म्हणून या खेळात पंचाच्या निर्णयाला असलेले वजन इतर बहुतेक खेळांहून अधिक आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने लक्षात असू द्यावी.

२०१९ चा विश्वचषक जपानमध्ये व्हायचा होता. जॉर्जियाने आपली जागा आधीच्या विश्वचषकातील कामगिरीवर मिळविलेली होती. उरलेल्या पाच संघांपैकी एकास थेट प्रवेश आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघास आणखी काही अडथळे पार करून प्रवेशाची संधी, अशी योजना होती. त्यासाठी २०१७ आणि २०१८ या दोन हंगामांचे गुण एकत्र धरायचे आणि जॉर्जियाविरुद्धचे सामने वगळायचे. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्यास आठ सामने. विजयास चार गुण, बरोबरीस दोन. शिवाय उत्तम आक्रमणासाठी किंवा थोडक्यात हरल्यास अधिकाचा एक गुण.

स्पेनने यापूर्वी केवळ एकदा, १९९९ साली, विश्वचषक खेळलेला. याउलट रोमेनिया १९८७ च्या पहिल्या विश्वचषकापासून २०१५ पर्यंत एकाही खेपेस गैरहजर राहिलेला नव्हता. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी माद्रिदमध्ये स्पेनने रोमेनियाला २२–१० असे नमविले आणि साऱ्या देशात आशेची लाट उसळली. आता शेवटचा सामना जिंकला, की वीस वर्षांचा उपवास सुटणार होता. तो सामना होता १८ मार्च रोजी ब्रुसेल्समध्ये, बेल्जियमविरुद्ध. स्पेन जिंकला तर स्पेन जपानला जाणार आणि हरला तर रोमेनिया जाणार, असे गणित होते.

या सामन्यासाठी नेमलेले मुख्य पंच रोमेनियाचे होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या सामन्याच्या निकालावर रोमेनियाचा लाभ थेट अवलंबून, त्या सामन्याचा न्याय रोमेनियाच्याच नागरिकाकडे. भरीस भर म्हणजे, ही नेमणूक ज्या युरोपीय संघटनेच्या छत्राखाली झाली, तिचे तत्कालीन अध्यक्ष ऑक्टाव्हियन मोरारिऊ हेही रोमेनियाचेच माजी खेळाडू. स्पेनने सामन्यापूर्वी पंच बदलण्याची विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. सामना बेल्जियमने १८–१० असा जिंकला. दंडाचे निर्णय स्पेनविरुद्ध कितीतरी अधिक गेले. शेवटची शिट्टी वाजताच स्पेनचे काही खेळाडू संतापाने पंचांच्या अंगावर धावून गेले आणि इतरांना मध्ये पडून पंचांना बाहेर न्यावे लागले. हे दृश्य जगभर पाहिले गेले. त्या वर्तनाबद्दल स्पेनच्या पाच खेळाडूंवर पुढे खेळबंदीची कारवाई झाली, आणि ती योग्यच होती. अन्याय झाल्याची भावना कितीही तीव्र असो, न्याय मागण्याची ती जागा नव्हे आणि ती रीतही नव्हे.

त्या पंचांनी जाणूनबुजून पक्षपात केला, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कदाचित त्यांनी आपल्या बुद्धीस पटले तसेच निर्णय दिले असतील. परंतु प्रश्न त्यांच्या सचोटीचा नव्हताच. त्यांना त्या जागी बसविणाऱ्यांच्या विवेकाचा होता. पेढीच्या हिशेबाची तपासणी मालकाच्या मेहुण्याकडे सोपविली, तर मेहुणा कितीही सज्जन असला तरी त्याच्या सहीचे मोल कमी होते. त्याने हिशेब बरोबर आहे म्हटले तरी लोक शंका घेणार आणि चूक आहे म्हटले तरी घेणार. अशा नेमणुकीने त्या सज्जन माणसावरही अन्यायच होतो, कारण त्याने काहीही केले तरी त्याच्या निर्णयाला विश्वासाचे बळ लाभत नाही. हितसंबंध गुंतलेल्या व्यक्तीस बाजूला ठेवण्याची प्रथा ही त्या व्यक्तीवरील अविश्वासाची खूण नसते; तिच्या अब्रूचे ते संरक्षण असते. ही साधी गोष्ट युरोपीय संघटनेने पाळली असती, तर पुढचे रामायण बहुधा घडलेच नसते.

स्पेनच्या तक्रारीची दखल जागतिक संघटनेने घेतली. सामना पुन्हा खेळविणे खेळाच्या हिताचे ठरेल, असे मत तिने प्रकट केले. स्पेनमध्ये समाधानाचे वातावरण पसरले. पण येथूनच कथेला अनपेक्षित वळण मिळाले.

दप्तर एकदा तपासणीसाठी उघडले की ते हव्या त्या पानावर बंद करता येत नाही. संघांतील खेळाडू त्या-त्या देशाकडून खेळण्यास खरोखर पात्र होते काय, असे प्रश्न उपस्थित झाले. रग्बीत यासाठी सुस्पष्ट नियम आहेत. खेळाडूचा जन्म त्या देशातील असावा, किंवा आई-वडील अथवा आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी जन्म तेथील असावा, किंवा त्याने तेथे ठराविक काळ अखंड वास्तव्य केलेले असावे. तो काळ त्या वेळी तीन वर्षांचा होता. पुढे तो पाच वर्षांचा करण्यात आला. याखेरीज आणखी एक अट: खेळाडू एखाद्या देशाच्या मुख्य संघाकडून, त्या देशाने दुसऱ्या क्रमांकाचा म्हणून घोषित केलेल्या संघाकडून किंवा सात खेळाडूंच्या रग्बीतील राष्ट्रीय संघाकडून एकदा खेळला, की तो त्या देशाशी बांधला गेला. मग दुसऱ्या देशाशी रक्ताचे नाते असले तरी त्या वेळी सहजासहजी बदल नव्हता.

तपासात काय आढळले? रोमेनियाकडून खेळलेला टोंगा या बेटराष्ट्रात जन्मलेला एक खेळाडू पूर्वी टोंगाच्या सात जणांच्या राष्ट्रीय संघाकडून खेळून चुकला होता. बेल्जियमच्या काही खेळाडूंच्या पात्रतेचा आधार तपासणीत टिकला नाही. आणि ज्या स्पेनने न्याय मागितला होता, त्याच्याच संघातील दोन खेळाडू पूर्वी फ्रान्सच्या वीस वर्षांखालील संघाकडून खेळले होते. फ्रान्सने त्या काळी हाच आपला दुसरा राष्ट्रीय संघ म्हणून घोषित केलेला असल्याने ते नियमानुसार फ्रान्सशी बांधलेले होते.

प्रकरण स्वतंत्र निवाडा समितीकडे गेले. १५ मे २०१८ रोजी निर्णय जाहीर झाला. अपात्र खेळाडू ज्या-ज्या सामन्यात उतरला, त्या प्रत्येक सामन्यामागे पाच गुण वजा. रोमेनियाचे सहा सामने, म्हणजे तीस गुण. बेल्जियमचेही तीस. स्पेनचे तर आठही सामने, म्हणजे चाळीस गुण. त्यामुळे स्पेनची शिल्लक शून्याच्याही खाली उतरली. बेल्जियम-स्पेन सामना पुन्हा खेळविण्यात आता अर्थच उरला नाही. अपिले झाली, ती फेटाळली गेली.

ज्याच्याविरुद्ध असा काही दोष आढळला नाही, तो रशिया थेट विश्वचषकास गेला. दुसऱ्या क्रमांकावर आली जर्मनी. जर्मनीच्या रग्बीत त्या वर्षी मोठी यादवी माजली होती. मुख्य आश्रयदाता आणि संघटना यांच्यातील वादामुळे नेहमीचे खेळाडू संघाबाहेर होते आणि २०१८ च्या हंगामात जर्मनी एकही सामना जिंकू शकली नव्हती. परंतु २०१७ साली तिने रोमेनियासारख्या बलाढ्य संघाला ४१–३८ असा धक्का दिला होता. ते गुण खात्यात शाबूत होते आणि खाते निर्दोष होते. पुढे हायडेलबर्ग येथे जर्मनीने पोर्तुगालला १६–१३ असे हरविले. नंतर सामोआने तिला रोखले. तरी मार्सेय येथील अखेरच्या पात्रता स्पर्धेपर्यंत ती पोहोचली आणि तेथे कॅनडाच्या मागे राहून तिचा प्रवास संपला. रशियाने २० सप्टेंबर २०१९ रोजी टोकियोत यजमान जपानविरुद्ध विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना खेळला. चारही सामने तो हरला. पण हरण्यासाठी का होईना, तो तेथे उपस्थित होता. रोमेनिया मात्र इतिहासात प्रथमच घरी बसून विश्वचषक पाहत होता.

आता यातील खरा कठीण प्रश्न. हा निर्णय न्याय्य होता काय? माद्रिदच्या मैदानावर जिवाची बाजी लावून खेळलेल्या स्पेनच्या इतर खेळाडूंचा काय अपराध? त्यांनी सहकाऱ्याची जन्मकुंडली तपासायची होती काय? ज्याने दहा वर्षे पहाटे उठून सराव केला, त्याची आयुष्यातील एकमेव संधी कार्यालयात कोणीतरी एक चौकशीचे पत्र पाठविले नाही म्हणून हुकावी, हे मनाला बोचते. नियमात हेतूला जागा नाही. अपात्र खेळाडू खेळविला म्हणजे दोष घडला; अजाणतेपणी की जाणतेपणी, याने गुणांच्या वजाबाकीत फरक पडत नाही.

तरीही पुष्कळ विचारांती मला हा निर्णय योग्यच वाटतो, आणि त्याचे कारण प्रतिपक्षाच्या खात्यात सापडते. अपात्र खेळाडूच्या बळावर एका संघाने चार गुण कमावले, तेव्हा ते समोरच्या संघाच्या तोंडून काढून घेतलेले असतात. समोरच्यानेही पहाटे उठूनच सराव केलेला असतो. एखादा चांगला परदेशी खेळाडू मिळत असताना, तो नियमात बसत नाही म्हणून त्याने त्याला दूर ठेवले असेल, तर त्या संयमाची किंमत कोणी मोजायची? दोषी संघाच्या निरपराध खेळाडूंवर दया दाखवावी, तर तिचा खर्च निर्दोष संघाच्या निरपराध खेळाडूंच्या नावे पडतो. दोन्हीकडे निरपराध माणसेच आहेत. अशा वेळी ज्याचे दप्तर चोख आहे, त्याच्या बाजूने कौल देण्यावाचून न्यायाला गत्यंतर नसते. जबाबदारी मात्र खेळाडूंची नाही, कार्यालयाची आहे. आणि त्या कार्यालयाने मान खाली घालावी ती बाहेरच्यांपुढे नव्हे, आपल्याच खेळाडूंपुढे.

स्पेनने यातून पुरता धडा घेतला नाही, ही या कथेची सर्वांत खेदजनक बाजू. चार वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, पोर्तुगालला ४९–२८ असे हरवून स्पेनने २०२३ च्या विश्वचषकातील जागा मैदानावर पुन्हा मिळविली. आनंदाश्रू वाहिले. आणि एप्रिल महिन्यात पुन्हा तोच निर्णय आला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या एका खेळाडूच्या अखंड वास्तव्याचा हिशेब जुळत नव्हता आणि पुराव्यादाखल दिलेल्या त्याच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झाल्याचे उघड झाले. तो पात्रता फेरीतील दोन सामन्यांत, दोन्ही नेदरलँड्सविरुद्ध, खेळला होता. त्याबद्दल दहा गुण वजा झाले आणि पंचवीस हजार पौंडांचा दंड. स्पेनची जागा रोमेनियाला मिळाली. स्पॅनिश संघटनेच्या अध्यक्षांनी पद सोडले. पहिल्या वेळी तपासणीतील ढिलाई होती. दुसऱ्या वेळी कोणीतरी कागदच बदलला होता आणि तो ढिल्या तपासणीतून सहज निसटला. खिडकीची मोडकी कडी दुरुस्त केली नाही, तर पहिल्यांदा वारा आत येतो आणि दुसऱ्यांदा चोर.

रोमेनिया वर सरकला, तसा पोर्तुगालही तिसऱ्या क्रमांकावर आला आणि त्याला अखेरच्या पात्रता स्पर्धेचे दार उघडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुबईत अमेरिकेविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेल्या दंडाच्या लाथेने त्याने १६–१६ अशी बरोबरी साधली आणि गुणफरकाच्या आधारे विश्वचषक गाठला. फ्रान्समध्ये त्याने जॉर्जियाशी १८–१८ अशी बरोबरी केली आणि ८ ऑक्टोबर २०२३ रोजी तुलूज येथे फिजीला २४–२३ असे पराभूत केले. विश्वचषकातील पोर्तुगालचा तो पहिलावहिला विजय. ज्या पोर्तुगालला स्पेनने ४९–२८ असे हरविले होते, त्याच पोर्तुगालने हे करून दाखविले! दप्तर चोख असते, तर तेथे स्पेन काय करू शकला असता, हे कोणालाच कधी कळणार नाही. ही खंत कोणत्याही दंडाहून मोठी आहे.

सुदैवाने कथेचा शेवट कडू नाही. २०२५ च्या हंगामात स्पेनने २०२७ साली ऑस्ट्रेलियात होणाऱ्या विश्वचषकाची पात्रता मिळविली. १९९९ नंतर प्रथमच.

आपल्या व्यवहारात या हकीकतीचे प्रतिबिंब जागोजाग दिसते. माल अस्सल असतो, भाव वाजवी असतो, गिऱ्हाईक संतुष्ट असते. परंतु परवान्याची मुदत उलटलेली असते, किंवा भागीदारीचा करार तोंडीच राहिलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या कष्टाचे फळ एका कागदापायी अडकते. आपल्या मुलांच्या वयोगटांच्या स्पर्धांत जन्मतारखेची ‘थोडीशी’ सवलत घेणारे पालकही आढळतात. ती सवलत दुसऱ्या एखाद्या मुलाच्या वाट्याची असते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. संस्थांच्या निवडणुकीत, वार्षिक हिशेबाच्या तपासणीत, वाटणीच्या वादात मध्यस्थ नेमताना जवळचा माणूस सोयीचा वाटतो. परंतु सर्वांचा विश्वास बसेल असा माणूस शोधण्याचे कष्ट वेळीच घेतलेले बरे.

आणि तक्रार करणाऱ्यासाठीही यात एक सूचना आहे. स्पेनची पंचांविषयीची तक्रार गैरवाजवी नव्हती. पण न्यायाच्या दारी जाण्यापूर्वी त्याने स्वतःचे दप्तर एकदा चाळून पाहिले असते, तर निदान आपले काय बाहेर येणार आहे, हे त्याला इतरांच्या तोंडून ऐकावे लागले नसते. नवे आर्थिक वर्ष सुरू होताना आपण दुसऱ्यांकडील येणी प्रथम तपासतो. त्याआधी स्वतःच्या फायली, परवाने, करारपत्रे आणि वारसनोंदी एका निवांत दुपारी तपासाव्यात, आणि ते काम घरातील तरुण मुलामुलींना सोबत घेऊन करावे. उद्या हे दप्तर त्यांच्याच हाती जायचे आहे.